लेखाशास्त्र पदवीतील दुय्यम विषय
वाणिज्य पदवीसाठी लेखाशास्त्रास जोडून घ्यावयाचा पूरक अभ्यासविषय. महाराष्ट्रात उच्च वाणिज्य शिक्षणाचा पाया मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयाने १९१३ मध्ये घातला. पूर्वी निजामी अंमलाखाली असलेल्या मराठवाड्यास मात्र स्वतंत्र विद्यापीठ १९५८ मध्येच लाभले. नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी नामदेव (जि. हिंगोली) व त्याचा परिसर १९९४ पासून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतो.

सनदी लेखापालांसाठी १९४९ चा, तर परिव्यय लेखापालांसाठी १९५९ चा अधिनियम झाला. त्यामुळे करआकारणी, लेखापरीक्षण व परिव्ययलेखन हे विषय प्रतिष्ठा पावले. परंतु त्यांवर आधारलेले व्यवसाय मुख्यत्वे शहरांत वाढले. ग्रामीण भागात १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने सहकार या विषयास महत्त्व दिले. सेवा सोसायट्या, पतसंस्था, साखर कारखाने इत्यादींच्या हिशेबांची तपासणी आवश्यक ठरली. पदवी, सहकार व लेखा शासकीय पदविका (जी.डी.सी. अँड ए.) आणि अनुभव यांच्या आधारे प्रमाणित लेखापरीक्षक होता येते. म्हणून खेड्यातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने दुय्यम विषयाची निवड ही पुष्कळदा गाव सोडणे वा गावात राहून सभासदांच्या ठेवी राखणे, यांतील निवड ठरते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य व दुय्यम विषयांच्या रचनेस पाठबळ दिले.