मोहाची दारू (मेळघाट)

मोहाच्या सुकवलेल्या फुलांपासून गाळलेले मद्य. अमरावती जिल्ह्याच्या धारणी व चिखलदरा तालुक्यांत कोरकूंच्या सणांत, लग्नांत आणि देवपूजेत तिला मान आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी मांसल फुले वेचून वाळवतात. त्यांत साखर भरपूर असल्याने भिजवली की ती काही दिवसांत आंबतात; मग मडक्यात उकळून वाफ थंड करतात. ऑस्ट्रेलियातील बारोसा खोऱ्याची शिराझ वाइन द्राक्षे केवळ आंबवून होते, ही मात्र ऊर्ध्वपातित. म्हणून रंगहीन आणि जहाल. चाखण्याआधी वास घ्यावा: फुलांचा गोड, उग्र दरवळ हीच तिची खरी ओळख. अकोल्या-अमरावतीच्या झणझणीत पाटोडी-रश्श्यापुढे तो हरवतो. भाजलेले हरभरे किंवा निखाऱ्यावरची मासळी तिला अधिक मानवते.