पेट्रोल इंजिनातील काजळी : थेट अंतःक्षेपण, टर्बोचार्जर आणि युरोपीय कणमर्यादांचा इतिहास

प्रस्तावना

डिझेलचा धूर काळा आणि पेट्रोलचा स्वच्छ, ही समजूत दीर्घकाळ लोकमानसात होती आणि कायद्यातही होती. १९९२ मध्ये अमलात आलेल्या युरो १ मानकाने डिझेल मोटारींतून बाहेर पडणाऱ्या कणांवर किलोमीटरमागे १४० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. पेट्रोल मोटारींना मात्र २००९ पर्यंत अशी कोणतीही मर्यादा नव्हती. ही समजूत कशी मोडली आणि ती मोडत असताना कायद्याने काय पत्करले, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

थेट अंतःक्षेपणाचे पुनरागमन

रूढ पेट्रोल इंजिनात इंधन सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या प्रवेशमार्गात फवारले जाते. सिलिंडरमध्ये शिरेपर्यंत त्याची बहुतांशी वाफ झालेली असते. म्हणून काजळी अल्प. इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारण्याची कल्पना मात्र जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन विमानांच्या डीबी ६०१ इंजिनात आणि १९५४ च्या मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल या मोटारीत ती साकार झाली होती. त्या काळातील यांत्रिक पंपाची गुंतागुंत व खर्च यांमुळे ती सर्वसामान्य मोटारींपर्यंत पोहोचली नाही. १९९६ मध्ये मित्सुबिशीने इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या आधारे तिचे पुनरुज्जीवन केले.

तिला खरी गती मिळाली ती हवामानविषयक धोरणामुळे. मोटारींचे सरासरी कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन २००८ पर्यंत किलोमीटरमागे १४० ग्रॅमवर आणण्याचे युरोपीय उत्पादकांनी १९९८ मध्ये स्वेच्छेने मान्य केले. इंजिन लहान करावे आणि गमावलेली शक्ती टर्बोचार्जरने भरून काढावी, हा त्यावरील एक प्रमुख उपाय ठरला. सिलिंडरमध्येच इंधनाची वाफ होताना आतील हवा थंड होते, इंजिनाची ठोकण्याची प्रवृत्ती घटते आणि टर्बोचा वाढीव दाब सोसता येतो. ऑडीने २००४ मध्ये बाजारात आणलेले दोन लिटरचे इंजिन या संयोगाचे ठळक उदाहरण होय.

काजळीची उत्पत्ती

या लाभाची दुसरी बाजू ज्वलनकक्षातच दडलेली होती. थेट फवारलेल्या इंधनाला हवेत मिसळण्यास अत्यल्प अवधी मिळतो. काही थेंब पिस्टनच्या माथ्यावर व सिलिंडरच्या भिंतीवर आदळून तेथे पातळ थर तयार होतो. त्या थरापाशी इंधन अधिक व प्राणवायू कमी असल्याने ज्वलन अपुरे राहते व काजळी निर्माण होते. थंड इंजिन सुरू करताना आणि एकाएकी वेग वाढवताना हा दोष विशेष जाणवतो. लहान टर्बो इंजिनाला जास्त भार पेलताना प्रत्येक आवर्तनात अधिक इंधन फवारावे लागते, त्यामुळे भिंत भिजण्याची शक्यताही वाढते.

वस्तुमान की संख्या?

कण मोजण्याची जुनी रीत म्हणजे धूर गाळणकागदातून नेऊन कागद तोलणे. परंतु कणाचा व्यास दहावा हिस्सा झाला की त्याचे वस्तुमान हजारावा हिस्सा होते. या इंजिनांतील बहुसंख्य कण १०० नॅनोमीटरहून लहान असतात. तराजूला ते जवळजवळ अदृश्य असले, तरी फुप्फुसात खोलवर पोहोचतात. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या छत्राखाली कण मोजण्याची नवी पद्धत सिद्ध झाली. तीत धूर तापवून बाष्पनशील भाग दूर केला जातो आणि साधारण २३ नॅनोमीटरहून मोठे घनकण मोजले जातात.

युरो ५ ने २००९ मध्ये थेट अंतःक्षेपणाच्या पेट्रोल मोटारींना प्रथमच वस्तुमानाची मर्यादा लावली. २०११ पासून नव्या डिझेल मोटारींना किलोमीटरमागे ६०० अब्ज कणांची संख्यामर्यादा आली. डिझेलसाठी गाळणी उपलब्ध होती; प्यूजोने ती २००० मध्येच ६०७ या मोटारीत बसवली होती. पेट्रोलबाबत मात्र तडजोड झाली. २०१४ मध्ये युरो ६ लागू होताना उत्पादकाने मागणी केल्यास तीन वर्षे दहापट, म्हणजे ६,००० अब्ज कणांची मुभा देण्यात आली. परिणामी डिझेलच्या दहापट कण सोडणारी पेट्रोल मोटार कायदेशीर ठरली. फवाऱ्याचा दाब वाढवणे, एकाच आवर्तनात तो विभागून मारणे अशा अंतर्गत सुधारणांना त्यामुळे अवधी मिळाला. पण त्या काळात विकल्या गेलेल्या मोटारी पुढेही रस्त्यावर राहिल्या.

सप्टेंबर २०१७ पासून नव्या प्रारूपांना आणि सप्टेंबर २०१८ पासून सर्व नव्या मोटारींना ही सवलत बंद झाली. प्रत्यक्ष रस्त्यावरील चाचणीही आली. त्यानंतरच पेट्रोल इंजिनाच्या गाळणीचा प्रसार झाला. भारतानेही १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज ६ लागू करताना अशीच तीन वर्षांची सवलत ठेवली होती.

समारोप

कार्बन डायऑक्साइडचा हिशेब ग्रॅममध्ये होत होता, कणांच्या संख्येचा होत नव्हता. म्हणून पहिल्याचे हित साधताना दुसऱ्याची हानी दीर्घकाळ नोंदली गेली नाही. २०२४ मध्ये संमत झालेल्या युरो ७ नियमावलीने मोजणीची सीमा २३ वरून १० नॅनोमीटरवर आणली. ती सीमा निसर्गाने आखलेली नव्हती, ती मोजमापाच्या सोयीची होती. प्रदूषणाच्या इतिहासाचा अभ्यास करताना काय सोडले गेले याच्या बरोबरीने काय मोजले गेले आणि ते कोणी ठरवले, हे प्रश्नही विचारावे लागतात, ते यासाठीच.