स्ट्रेप्टोकायनेज

मालागोलाणू (साखळीच्या रूपात वाढणारे गोल सूक्ष्मजंतू) यांच्या काही प्रकारांपासून मिळणारे व रक्ताच्या गुठळ्या विरघळविण्यासाठी वापरले जाणारे प्रथिन. घशाच्या संसर्गास व त्यातून उद्‌भवणाऱ्या संधिज्वरास कारणीभूत होणाऱ्या जंतुवंशातच हे औषध सापडले. परंतु त्याची उपयुक्तता निर्विवादपणे सिद्ध होण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

विल्यम स्मिथ टिलेट व आर. एल. गार्नर यांनी १९३३ मध्ये बॉल्टिमोर येथे असे दाखविले की, या जंतूंच्या संवर्धनातून गाळून घेतलेल्या द्रवामुळे मानवी रक्ताची गुठळी थोड्याच वेळात वितळते. सशाच्या रक्ताची गुठळी मात्र तशीच राहते. याचे कारण पुढे स्पष्ट झाले. स्ट्रेप्टोकायनेज स्वतः गुठळीतील फायब्रिनाचे तंतू तोडीत नाही. ते मानवी रक्तातील प्लाझ्मिनोजेन या निष्क्रिय घटकाशी संयोग पावते व त्यापासून प्लाझ्मिन हे क्रियाशील एंझाइम तयार होते. सशाच्या प्लाझ्मिनोजेनावर त्याचा असा परिणाम होत नाही. म्हणून काटेकोर अर्थाने ते एंझाइम नसले, तरी रूढीने त्याची गणना एंझाइमी औषधांतच होते.

टिलेट व सोल शेरी यांनी १९४९ मध्ये फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत साकळलेले रक्त व पू पातळ करून काढण्यासाठी ते वापरले. १९५८ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यावर ते नीलेतून देण्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले. परंतु रोहिणीतील गुठळी हे झटक्याचे कारण की परिणाम, याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. झटक्यानंतरच्या पहिल्या काही तासांत बहुसंख्य रुग्णांची हृद्‌रोहिणी गुठळीने बंद झालेली असते, हे १९८० मध्ये क्ष-किरण चित्रणाने दिसून आले. इटलीतील सुमारे ११,८०० रुग्णांच्या चाचणीत (१९८६) एकवीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १३ टक्क्यांवरून १०·७ टक्क्यांवर आले. पहिल्या तासात उपचार मिळालेल्यांत ते १५·४ वरून ८·२ टक्के झाले. १७,१८७ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत (१९८८) ॲस्पिरिनाची जोड दिल्याने लाभ आणखी वाढला.

रक्तस्राव, विशेषतः मेंदूतील, हा या उपचाराचा मुख्य धोका होय. शिवाय शरीरात प्रतिपिंडे निर्माण होत असल्याने ते पुन्हा देणे टाळतात. फुग्याच्या नळीने रोहिणी मोकळी करण्याच्या पद्धतीमुळे त्याचा वापर घटला आहे. तथापि जेथे ही सोय वेळेत मिळत नाही, तेथे तुलनेने स्वस्त असे हे औषध अद्यापि उपयोगी पडते.