पाहुण्यांचे कोल्हापूर



कोल्हापूरच्या इतिहासावर बोलायचे म्हटले की ताराराणी, पन्हाळ्याचा वेढा आणि राजर्षी शाहू हे विषय आपोआप पुढे येतात. त्यांवर अधिकारी माणसांनी पुष्कळ लिहिले आहे. आज आम्ही जो विषय घेतला आहे, तो त्या मानाने कोणाला हलका वाटेल. बाहेरगावचा माणूस या शहरात आला तर तो उतरतो कोठे, जेवतो कोठे, पाहतो काय आणि त्याची सरबराई करतो कोण, एवढाच तो विषय आहे. परंतु शहराने कोणाला आत घेतले आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवले, याचा हिशेब या साध्या प्रश्नांत जितका स्वच्छ दिसतो तितका लढायांच्या वर्णनांत दिसत नाही, अशी आमची समजूत आहे.

कोल्हापूरचा सर्वांत जुना पाहुणा म्हणजे यात्रेकरू. अंबाबाईच्या दर्शनाला आणि जोतिबाच्या चैत्री यात्रेला माणसे पायी येत, बैलगाड्या जोडून येत. हा पाहुणा धर्मशाळेत उतरे, मठात उतरे, नाहीतर पुजाऱ्याच्या घरी पथारी टाकी. १८९१ साली मिरजेपासून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली आणि पाहुण्यांची जात बदलली. गुळाचा व्यापारी आला, दरबारी कामाचा माणूस आला, शिकायला आलेला पोरगा आला. नवा राजवाडा १८८४ सालीच उभा राहिला होता, रंकाळ्याचे पाणी होतेच. पाहण्यासारखे शहर आणि पोहोचवणारी गाडी, दोन्ही जमून आले. अडचण होती ती उतरण्याची. खाणावळीत पान मांडण्यापूर्वी आडनाव विचारले जाई आणि आडनावावरून जागा ठरे. ज्याची जात अस्पृश्य गणली जाई, त्याला खाणावळही नव्हती आणि धर्मशाळाही नव्हती. गावाबाहेरचे झाड हाच त्याचा मुक्काम.

या अडचणीला पहिले उत्तर मिळाले ते विद्यार्थ्यांच्या निमित्ताने. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैनांचे निघाले, १९०६ साली मुसलमानांचे आणि १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. या वसतिगृहांवरच कोल्हापूरचे नाव दूरवर गेले. कोणी म्हणेल की जातवार वसतिगृहे काढून शाहू महाराजांनी भिंती पक्क्या केल्या. हा आक्षेप त्या काळीही होता. परंतु ज्या शेतकऱ्याच्या पोराला शहरात रात्र काढायला छप्पर नव्हते, त्याला आधी छप्पर देणे भाग होते. एका पंक्तीची गोष्ट त्याच्यापुढची.

छपराइतकीच गरज असते करमणुकीची. महाराज १९०२ साली विलायतेला गेले असता रोमचे जुने क्रीडागार त्यांच्या पाहण्यात आले. त्यावरून खासबागेचे कुस्तीमैदान उभे राहिले, ते १९१२ साली पुरे झाले. मैदानाचा आखाडा खोल आणि बसण्याची जागा चढती, त्यामुळे शेवटच्या ओळीत बसलेल्या हमालालाही पुढे बसलेल्या सरदाराइतकीच कुस्ती दिसते. शेजारी १९१५ साली पॅलेस थिएटर झाले, तेच पुढचे केशवराव भोसले नाट्यगृह. ऑगस्ट २०२४ मधल्या आगीत ते जळाले तेव्हा सारे शहर रस्त्यावर आले होते. एका इमारतीसाठी माणसे रडतात याचा अर्थ ती इमारत त्यांची स्वतःची झालेली असते.

आता आमच्या विषयाचा जो गाभा, त्याकडे येतो. राजवाड्याच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे महार समाजाचे एक नोकर होते. सवर्ण नोकरांसाठी राखलेल्या हौदाचे पाणी त्यांनी घेतले, एवढ्या गुन्ह्यासाठी त्यांना बेदम मार बसला. महाराज त्या वेळी दिल्लीस होते. ते परतल्यावर सोनतळीच्या मुक्कामी गंगारामांनी गाऱ्हाणे घातले. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना नोकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंदा काढण्यास पैसा दिला. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले आणि त्याला नाव दिले ‘सत्यसुधारक’.

हॉटेल स्वच्छ होते, चहा चांगला होता, पण गिऱ्हाईक येईना. महाराच्या हातचा चहा घेणार कोण? तेव्हा महाराज आपला खडखडा त्या दारापुढे उभा करू लागले. स्वतः चहा मागवीत, घेत आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही पाजीत. सही घ्यायला आलेल्या अर्जदारांनाही तेथेच गाठण्याची सूचना होई. पुढे महाराजांनी गंगारामांना सोडावॉटरचे यंत्रही घेऊन दिले.

ही गोष्ट कोल्हापुरात सर्वांना ठाऊक आहे आणि ती महाराजांच्या मोठेपणाची म्हणून सांगितली जाते. ते योग्यच आहे. परंतु महाराजांचा खडखडा निघून जाई, तेव्हा त्या दुकानात उरे तो एकटा गंगाराम. पहाटे शेगडी पेटवावी, कपबश्या धुवाव्यात, आणि रस्त्याने जाणारा माणूस दुसऱ्या बाजूने निघून जाताना पाहावा. मार खाल्लेल्या माणसाने भर रस्त्यावर स्वतःच्या नावाने दुकान मांडणे, हे धैर्य राजाच्या धैर्यापेक्षा कमी नव्हते. राजाला चहा प्यायला हरकत घेणारा कोणी नव्हता. गंगारामांना मात्र रोज दार उघडावे लागे. महाराज १९२२ साली गेले. त्यानंतर त्यांचे स्मारक व्हावे म्हणून पहिल्यांदा जे झटले त्यांत हेच गंगाराम कांबळे पुढे होते.

१९१९ साली संस्थानात हुकूम निघाला की धर्मशाळा, पाणवठे, सरकारी इमारती अशा सार्वजनिक जागी अस्पृश्यांना इतरांप्रमाणेच वागवावे. त्यानंतर एकतीस वर्षांनी, २६ जानेवारी १९५० पासून, भारताचे संविधान लागू झाले. त्याच्या पंधराव्या अनुच्छेदातला दुसरा खंड आपण जरूर वाचावा. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीच्या जागा येथे जातीवरून कोणाला मज्जाव करता येणार नाही, असे त्याच्या पहिल्या भागात आहे. दुसऱ्या भागात विहिरी, तळी, स्नानाचे घाट आहेत. गंगारामांना ज्याच्यासाठी मार बसला ते पाणी आणि ज्याच्यावर बहिष्कार पडला ते हॉटेल, दोन्ही त्या एकाच खंडात शेजारी शेजारी बसली आहेत. १९५५ च्या कायद्याने असा मज्जाव करणे शिक्षेस पात्र ठरवले. तरीही १९७२ साली ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ महाराष्ट्रात काढावीच लागली. कायदा दार उघडतो, आत पाऊल टाकणारी आणि टाकू देणारी माणसे तयार करावी लागतात.

दार उघडले, तरी दारापर्यंत यायला सवड पाहिजे. सहलीचा इतिहास लिहिणारे रस्त्यांची आणि बंगल्यांची माहिती देतात, पण सुट्टी कोठून आली हे सांगत नाहीत. मुंबईचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्याच्या सुट्टीसाठी सभा, अर्ज यांचा पाठपुरावा केला. जून १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. भरपगारी रजा कारखान्यांतल्या कामगारांना रीतसर मिळाली ती १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने, वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस या प्रमाणात. आमच्या शाहू मिलचा पाया १९०६ सालचा. म्हणजे तिच्यात लागलेल्या पहिल्या पिढीने बिनरजेचेच आयुष्य काढले. आज रविवारी पन्हाळ्याला मोटारींची रांग लागते. त्या रांगेतल्या प्रत्येकावर लोखंड्यांचे थोडे ऋण आहे.

पन्हाळा शहरापासून पाच-सहा कोसांवर. थंड हवा, तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जाकोठी. अंबरखान्याची ती प्रचंड धान्यकोठारे पाहिली की गडावर नुसती तलवार नांदत नव्हती, हे ध्यानी येते. २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नोंद झाली, त्यांत पन्हाळा आहे. पर्यटक वाढतील, हॉटेले वाढतील. गडावर शिवा काशीदचा पुतळा आहे, तेथे मात्र प्रत्येकाने क्षणभर थांबावे. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा पडला असताना शिवाजी महाराजांच्या वेषात पालखीत बसून शत्रूच्या हाती जाणारा हा माणूस जातीने न्हावी होता. दुसऱ्याची सेवा करणारा म्हणून ज्याला पंगतीत शेवटी बसवले, त्यानेच राज्य वाचवले. त्याच गडावर आज आयाबाया चुलीवर भाकरी थापून पर्यटकांना झुणका-भाकर वाढतात. त्यांच्या हातची चव सर्वांना आवडते. त्यांच्या डोक्यावर पावसाळ्यात छप्पर आहे की नाही, याची चौकशी फारसे कोणी करीत नाही.

रंकाळ्याच्या पश्चिम काठावरच्या शालिनी पॅलेसचेही असेच. १९३१ ते १९३४ या काळात राजकन्येच्या नावाने बांधलेला हा वाडा. १९८७ साली त्याचे हॉटेल झाले आणि राजाच्या महालात पैसे मोजून कोणालाही राहता येऊ लागले. भाऊसिंगजी रोडवर राजा महाराच्या हॉटेलात आला होता. सत्तर वर्षांच्या आत राजाचा वाडाच हॉटेल झाला. पुढे ते हॉटेल बंद पडले. हॉटेल बंद पडले की पाहुणा शेजारच्या हॉटेलात जातो. तेथल्या वाढप्याला, भांडी घासणाऱ्या बाईला तसे सहज जाता येत नाही.

कामगारांत काम करताना हॉटेल कामगाराइतका न दिसणारा कामगार आम्ही दुसरा पाहिला नाही. तो समोर उभा असतो, पण गिऱ्हाईक ताटाकडे पाहते. गिरणी कामगाराचा भोंगा असे, पाळी असे, फाटकाशी सभा घेता येई. हॉटेलातला पोरगा खेड्यातून येतो, तेथेच जेवतो, रात्री टेबले जोडून त्यांवरच निजतो, त्यामुळे त्याचे काम सुरू कधी होते आणि संपते कधी हे त्यालाही सांगता येत नाही. एका मालकापाशी आम्ही साप्ताहिक सुट्टीची गोष्ट काढली, तेव्हा ते म्हणाले, “साहेब, जगाचा रविवार हीच आमची दिवाळी.” खरे आहे. पण मग त्याने सोमवार तरी द्यावा! १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने हॉटेले आणि खानावळी यांना कामाचे तास आणि आठवड्याची सुट्टी लागू केली होती. २०१७ साली त्या जागी नवा कायदा आला आणि दहापेक्षा कमी कामगार असलेली आस्थापने त्याच्या बहुतेक तरतुदींबाहेर राहिली. आपल्या शहरातली चहाची दुकाने, मिसळीची हॉटेले, छोटी लॉजे यांत दहा माणसे कितीशा ठिकाणी असतात? २००६ च्या ऑक्टोबरपासून चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलात कामाला ठेवण्यास बंदी झाली, हे मोठे पाऊल पडले. पण पंधराव्या वर्षी आलेल्या पोराचे काय, हा प्रश्न तसाच आहे.

कोल्हापूरला पाहुणे यावेत, खूप यावेत, असेच आम्हांला वाटते. तांबडा-पांढरा रस्सा खाऊन ते तृप्त व्हावेत, त्यांनी रंकाळ्यावर फिरावे. हॉटेलमालकांशीही आमचे वैर नाही. त्यांतले कित्येक एके काळी स्वतः कपबश्या विसळीत होते. आमचे मागणे दोन-तीन गोष्टींचे आहे. लहान हॉटेलांनाही आठवड्याची सुट्टी आणि निजण्याची धड जागा बंधनकारक असावी. गडावर आणि तळ्याकाठी विकणाऱ्या बायांना हुसकावण्याऐवजी त्यांना ओटे बांधून द्यावेत. आणि भाऊसिंगजी रोडवर, गंगाराम कांबळ्यांचे हॉटेल होते त्या भागात, एक दगडी फलक लावावा. त्यावर ती हकीकत लिहावी, म्हणजे शहर पाहायला आलेल्या माणसाला राजवाड्याबरोबर तेही पाहता येईल.

हे होईपर्यंत प्रत्येकाला करता येण्यासारखे एक काम आहे. उद्या चहा प्यायला बसाल तेव्हा कप ठेवणाऱ्याला त्याचे नाव विचारा आणि त्याच्या सुट्टीचा वार कोणता तेही विचारा. उत्तर मिळाले नाही, तर तोच प्रश्न गल्ल्यावर बसलेल्या मालकाला विचारा.