तोंड येणे: परंडा मुलखातील उपचारांची परंपरा

इ.स. 1600 मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर मलिक अंबरने ज्या परंड्यात निजामशाहीची गादी पुन्हा उभी केली, तो मराठवाड्यातील मुलूख पुढे 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात राहिल्याने तेथे वैद्य आणि हकीम या दोन्ही परंपरांचा वावर होता. तोंड येण्याला आयुर्वेदात 'मुखपाक', तर युनानीत 'कुला' म्हणतात. सुश्रुतसंहितेत गंडूष, म्हणजे औषधी द्रवाने तोंड गच्च भरून तो न हलवता धरणे, आणि कवल, म्हणजे तो तोंडात खुळखुळवणे, असा नेमका भेद केलेला आहे. शार्ङ्गधराने सांगितलेल्या काढ्यात जाईची पाने, गुळवेल व त्रिफळा येतात. मराठवाड्यातील घरांत मात्र जाईचा किंवा पेरूचा कोवळा पाला चावून लाळ गाळणे, ज्येष्ठमध चघळणे आणि टाकणखाराची लाही मधात कालवून लावणे हेच रूढ झाले. यांपैकी पाला चावण्याची रीत सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण त्यातील तुरट द्रव्ये व्रणावरील आवरण आकसवतात. टाकणखार मात्र पोटात जाणे घातक असून वर्षाआतील बाळाला मधही देऊ नये. तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, विशेषतः तंबाखू खाणाऱ्याचा, डॉक्टरांना दाखवावाच.