एका देशाचीं तीन नांवें

आशिया खंडाच्या पूर्व टोकाशीं, चीन आणि जपान यांच्यामध्यें, समुद्रांत उतरलेल्या द्वीपकल्पाला बाहेरचें जग कोरिया म्हणतें. परंतु तेथें राहणारे लोक आपल्या देशाला या नांवानें ओळखीत नाहींत. उत्तरेकडील राज्याचा रहिवासी आपल्या देशाला 'जोसन' म्हणतो. दक्षिणेकडील रहिवासी 'हानगुक', म्हणजे हानांचा देश, असें म्हणतो. भाषा एक, नांवें मात्र तीन. आणि यांतलें एकहि नांव अलीकडे बनविलेलें नाहीं. 'जोसन' हें उत्तरेकडील सर्वांत जुन्या राज्याचें नांव. 'हान' हें सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं दक्षिणेस राहणार्‍या तीन जनसमूहांचें नांव. आणि 'कोरिया' हें 'गोर्यो' या नांवाचें परकीयांच्या तोंडीं झालेलें रूप. तें 'गोर्यो'हि पुन्हा 'गोगुर्यो' या त्याहून प्राचीन राज्याच्या नांवापासून आलेलें. १९४५ सालीं या द्वीपकल्पाचे दोन भाग झाले आणि १९४८ सालीं दोन वेगळीं सरकारें स्थापन झालीं. त्या दोघांनीं परंपरेच्या भांडारांतून एकएक नांव उचललें, आणि नांवाबरोबर एकएक पूर्वजहि उचलला.

या नांवांमागें ज्यांचा इतिहास उभा आहे तीं राज्यें मुख्यतः तीन : उत्तरेस गोगुर्यो, नैर्ऋत्येस बेक्जे आणि आग्नेयेस शिल्ला. दक्षिण किनार्‍यावर गाया नांवाचा लहान संस्थानांचा एक समूहहि होता. लोखंडाबद्दल त्याची ख्याति होती, परंतु सहाव्या शतकांत शिल्लानें तो आपल्या राज्यांत सामील करून घेतला. परंपरेप्रमाणें शिल्लाची स्थापना इ. स. पूर्वीं ५७, गोगुर्योची ३७ आणि बेक्जेची १८ या वर्षीं झाली. या तारखा ज्या ग्रंथांत आहेत तो 'सामगुक सागी', म्हणजे तीन राज्यांचा इतिहास, किम बुशिक या मुत्सद्द्यानें राजाज्ञेनें इ. स. ११४५ मध्यें सिद्ध केला. किम बुशिकाचें घराणें शिल्लाच्या राजकुलाशीं नातें सांगणारें. त्याच्या ग्रंथांत शिल्ला हें सर्वांत वडील राज्य ठरलें. आधुनिक संशोधकांच्या मतें मात्र संघटित राज्याचें रूप तिघांत शिल्लालाच सर्वांत उशिरां आलें. पूर्वजांचें वय वाढविण्याची हौस कांहीं आजची नव्हे.

या तिन्ही राज्यांनीं चिनी लिपि स्वीकारली. तिघांनींहि बौद्ध धर्माला आश्रय दिला : गोगुर्योनें इ. स. ३७२ मध्यें, बेक्जेनें ३८४ मध्यें आणि शिल्लानें ५२७ मध्यें. बेक्जेमध्यें धर्म नेणारा भिक्षु मरानंत हा मूळचा भारतीय होता अशी परंपरा आहे. आणि पुढें आठव्या शतकांत शिल्लाचा भिक्षु ह्येचो भारताच्या पांचहि विभागांत हिंडून गेला. त्याच्या प्रवासवृत्ताचें हस्तलिखित १९०८ सालीं तुन्हुआंगच्या लेण्यांत सांपडलें. असें असूनहि या राज्यांतील कोणालाहि आपण एका राष्ट्राचे घटक आहों असें वाटत नव्हतें. त्यांचीं आपसांतील युद्धें शतकानुशतकें चाललीं. आज शिल्ला आणि बेक्जे मिळून गोगुर्योविरुद्ध, तर उद्यां शिल्ला बेक्जेविरुद्ध, असा तो मामला होता.

तिघांत बलाढ्य गोगुर्यो. त्याचा राजा ग्वांगेतो इ. स. ३९१ मध्यें गादीवर आला आणि सुमारें वीस वर्षांत त्यानें मांचुरियापासून हान नदीपर्यंत आपला दरारा बसविला. त्याचा मुलगा जांगसू यानें ४१४ सालीं पित्याच्या स्मरणार्थ एक शिलास्तंभ उभारला. सुमारें साडेसहा मीटर उंचीच्या त्या ओबडधोबड शिळेच्या चारहि बाजूंवर पावणेदोन हजारांच्या आसपास चिनी अक्षरें कोरलेलीं आहेत. ती शिळा आजहि उभी आहे; परंतु ती कोरियांत नाहीं. ती यालू नदीच्या उत्तर तीरावर, चीनमधील जीआन येथें आहे. पुढल्या वादाचें बीज या एका गोष्टींत सांठविलेलें आहे.

४२७ सालीं जांगसूनें राजधानी प्योंगयांगला हलविली. चीनच्या सुई घराण्यानें ६१२ सालीं गोगुर्योवर स्वारी केली, तेव्हां सैन्याची संख्या अकरा लक्षांहून अधिक होती असें चिनी इतिहासग्रंथांत नमूद आहे. त्यांतील तीन लक्ष पांच हजारांची एक फौज पुढें घुसली असतां सेनापति उल्जी मुंदोक यानें तिला खोलवर ओढून घेतलें आणि सालसू नदीवर गांठून तिचा धुव्वा उडविला. परत गेले ते अवघे दोन हजार सातशें, असें तेच ग्रंथ सांगतात. सहा वर्षांत सुई घराणें लयास गेलें. तेराशें वर्षांनंतर, १९४६ सालीं, सोल शहरांतील एका हमरस्त्याचें जपानी अमलांतील नांव पुसून त्याला 'उल्जीरो' हें नांव देण्यांत आलें. वस्तुतः सोल कांहीं त्या सेनापतीची राजधानी नव्हती. परंतु परवशतेंतून सुटलेल्या लोकांना परचक्र परतविणारा पुरुष हवा होता, आणि तो त्यांना गोगुर्योंत सांपडला.

द्वीपकल्प एका छत्राखालीं आणण्याचा मान मात्र शिल्लाला मिळाला. आणि कोरियन इतिहासांतलें सर्वांत हळवें स्थळहि हेंच. शिल्लाचा राजपुत्र किम चुनचू ६४८ सालीं तांग सम्राटाच्या दरबारीं गेला आणि त्यानें चीनशीं तह जोडला. ६६० मध्यें तांग व शिल्ला यांच्या संयुक्त सैन्यानें बेक्जे बुडविलें. ६६३ मध्यें बेक्जेच्या साहाय्यास आलेलें जपानचें आरमार नष्ट झालें. ६६८ मध्यें गोगुर्योहि पडलें. तेव्हां तांगांचा खरा हेतु उघड झाला : सारा मुलूख आपल्याच घशांत घालावा, हा. मग शिल्लानें शस्त्र फिरविलें आणि ६७६ पर्यंत तांग सैन्याला हुसकून लावलें. परंतु गोगुर्योचा उत्तरेकडील विस्तीर्ण प्रदेश हातीं आला नाहीं. तेथें ६९८ मध्यें बाल्हे हें नवें राज्य उदयास आलें आणि ९२६ पर्यंत टिकलें. शिल्लानें राष्ट्र जोडलें, कीं परक्याला घरांत घेऊन अर्धें राष्ट्र गमावलें? हा प्रश्न सातव्या शतकांतल्या कोणालाहि सुचला नसता, कारण तें 'राष्ट्र' तेव्हां कोणाच्या मनांत नव्हतें. विसाव्या शतकांत मात्र या एका प्रश्नावर पक्ष पडले.

दहाव्या शतकांत शिल्ला खिळखिळें झालें आणि वांग गन यानें ९१८ मध्यें नवें राज्य स्थापून त्याला गोगुर्योचें नांव दिलें : गोर्यो. तें नांव केवळ शोभेचें नव्हतें. ९९३ सालीं खितान लोकांनीं स्वारी केली आणि त्यांच्या सेनापतीनें असा दावा मांडला कीं, गोर्यो हें शिल्लाच्या भूमींतून निघालेलें राज्य आहे, गोगुर्योचा मुलूख आमचा. गोर्योचा वकील सो हुई यानें उत्तर दिलें कीं, आम्ही गोगुर्योचे वारस म्हणूनच आमचें नांव गोर्यो. आणि सरहद्दीचाच हिशेब काढावयाचा झाला तर तुमची पूर्वेकडील राजधानीहि आमच्याच हद्दींत येईल. खितान फौज परत गेली आणि यालू नदीपर्यंतचा मुलूख गोर्योच्या पदरांत पडला. मृत राज्याच्या नांवानें जिवंत राज्याला भूमि मिळवून दिल्याचें असें उदाहरण विरळाच.

तेराव्या शतकांत मोंगलांनीं गोर्यो तुडविलें. त्या दैन्याच्या काळांत इर्यन या वृद्ध भिक्षूनें 'सामगुक युसा' हा आख्यायिकांचा ग्रंथ रचला. स्वर्गाधिपतीचा पुत्र पृथ्वीवर उतरला, लसूण व दवणा यांवर राहून व्रत पाळणारी अस्वलीण स्त्री झाली, आणि त्या दोघांच्या पोटीं दानगुन हा जोसनचा पहिला राजा जन्मला, ही कथा आज उपलब्ध असलेल्या ग्रंथांपैकीं प्रथम याच ग्रंथांत आढळते. तीन राज्यांच्या भांडणाच्याहि पलीकडचा, सर्वांना समान असा पूर्वज या कथेनें दिला. अयुता नांवाच्या दूरदेशींहून समुद्रमार्गें येऊन गायाच्या राजाला वरणार्‍या राजकन्येची कथाहि याच ग्रंथांत आहे. अयुता म्हणजे अयोध्या, असें मानून २००१ सालीं अयोध्येंत तिचें स्मारक उभारण्यांत आलें. इतिहासाच्या कसोटीला ही कथा उतरत नाहीं. पण तिच्या आधारें दोन देशांचें सोयरपण मात्र खरेंखुरें जुळलें.

१९१० सालीं जपाननें कोरिया खालसा केला. पण इतिहासावरची चढाई त्याआधींच सुरू झाली होती. ग्वांगेतोच्या शिलालेखाचा ठसा एका जपानी लष्करी अधिकार्‍यानें १८८३ च्या सुमारास मायदेशीं नेला. लेखांतल्या एका झिजलेल्या वाक्याचा अर्थ, जपानी लोकांनीं समुद्र ओलांडून बेक्जे व शिल्ला यांना मांडलिक केलें, असा लावण्यांत आला. प्राचीन काळीं आम्ही तेथें राज्य करीत होतों, आज आम्ही परत आलों आहों, असा त्या अर्थाचा उपयोग झाला. कोरियन पंडित तेंच वाक्य निराळ्या तर्‍हेनें वाचतात. जपानी लष्करानें अक्षरेंच बदललीं, असा आरोपहि १९७२ सालीं झाला. परंतु जुने ठसे ताडून पाहिल्यावर तो बहुतेक विद्वानांनीं मान्य केला नाहीं. अक्षरें तींच राहिलीं. वाचणार्‍यांचे डोळे तेवढे निराळे होते.

या चढाईला उत्तर देणार्‍यांत शिन चेहो हा अग्रणी. राष्ट्र बुडूं लागलें असतां, १९०८ सालीं, त्यानें वृत्तपत्रांतून लेखमाला लिहून इतिहासाची मांडणीच उलटी केली. राजवंशांचा नव्हे, तर लोकांच्या वंशाचा इतिहास लिहावा. त्याचा आरंभ दानगुनापासून करावा आणि त्याचा कणा गोगुर्यो मानावा, असें त्याचें प्रतिपादन होतें. परक्यांना बोलाविणार्‍या शिल्लाला आणि त्याची थोरवी गाणार्‍या किम बुशिकाला त्यानें दोषी ठरविलें. १९३६ सालीं शिन चेहो जपानी तुरुंगांत मरण पावला. त्याच्या विचाराला मात्र मरण आलें नाहीं.

फाळणीनंतर दोन्ही राज्यांनीं हा वारसा वांटून घेतला. उत्तरेची राजधानी प्योंगयांग, म्हणजे गोगुर्योची राजधानी. म्हणून तेथील इतिहासांत गोगुर्यो श्रेष्ठ, शिल्लाचें एकीकरण खोटें आणि खरें एकीकरण गोर्योचें. १९९३ सालीं तेथील सरकारानें दानगुनाचीं हाडें सांपडल्याचें जाहीर केलें आणि दुसर्‍याच वर्षीं प्योंगयांगजवळ त्याची भव्य पाषाणसमाधि बांधून काढली. बाहेरच्या विद्वानांना तो शोध मान्य नाहीं. दक्षिणेंत, शिल्लाच्या प्रदेशांत जन्मलेले राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग ही यांनीं १९७० नंतरच्या दशकांत ग्योंगजू या शिल्लाच्या राजधानीच्या जीर्णोद्धाराला राष्ट्रकार्याचें रूप दिलें. १९७३ सालीं तेथील एका समाधींतून सुवर्णमुकुट आणि धांवत्या श्वेत अश्वाचें चित्र निघालें. दानगुनाला मात्र दक्षिणेनेंहि सोडलें नाहीं. ३ ऑक्टोबर हा त्याच्या राज्यस्थापनेचा दिवस तेथें राष्ट्रीय सणाचा आहे.

पुढें तिसरा हक्कदार पुढें आला. २००२ सालीं चीनमध्यें ईशान्य सरहद्दीच्या इतिहासाची एक संशोधन-योजना सुरू झाली आणि गोगुर्यो ही चीनचीच एक प्रांतिक सत्ता होती असें तींतून मांडलें जाऊं लागलें. दक्षिण कोरियांत क्षोभ उसळला. २००४ सालीं युनेस्कोनें एकाच बैठकींत चीनमधील गोगुर्योचे अवशेष चीनच्या नांवावर आणि उत्तर कोरियांतील गोगुर्योच्या समाधि उत्तर कोरियाच्या नांवावर जागतिक वारशांत नोंदविल्या. एक राज्य दोन खात्यांवर जमा झालें. ९९३ सालच्या सो हुईला हा वाद ओळखीचा वाटला असता.

मग हे प्राचीन लोक खरोखर कोणाचे? याचें उत्तर ग्रंथांपेक्षां एका थडग्यानें अधिक चांगलें दिलें आहे. १९७१ सालीं गोंगजू येथें पाणी निघून जाण्यासाठीं चर खणतांना बेक्जेचा राजा मुर्योंग याची समाधि अवचित सांपडली. राजा इ. स. ५२३ मध्यें वारला, असें तेथील शिलालेखावरून ठरलें. समाधीची वीटबांधणी दक्षिण चीनच्या धर्तीची आहे, तींत चिनी नाणीं आहेत, आणि शवपेटीचें लांकूड जपानांतच उगवणार्‍या एका वृक्षाचें आहे. आणि २००१ सालीं जपानचे सम्राट अकिहितो यांनीं, आठव्या शतकांतील एका सम्राटाची माता या मुर्योंग राजाच्या वंशांतली होती असें जुन्या इतिहासांत नमूद असल्यामुळें आपणांस कोरियाशीं जवळीक वाटते, असें सांगितलें. आजच्या सरहद्दींचें भान त्या थडग्याला नाहीं.

१९८० सालीं उत्तरेच्या राज्यकर्त्यांनीं दोन्ही राज्यांचें संघराज्य करण्याची सूचना मांडली, तेव्हां त्याच्यासाठीं 'जोसन' नव्हे आणि 'हान'हि नव्हे, तर 'गोर्यो' हें नांव सुचविलें होतें. भांडणार्‍या भावांना आजोबांच्या नांवावर एकत्र येतां येईल, असा तो हिशेब होता. तो जमला नाहीं. २०२३ च्या अखेरीस त्याच उत्तरेनें एकीकरणाचें ध्येय सोडून दिलें आणि दक्षिणेशीं आपलें नातें आतां सजातीयांचें नसून दोन शत्रुराज्यांचें आहे असें जाहीर केलें. चौदा शतकांपूर्वीं या द्वीपकल्पावर तीन राज्यें होतीं, आणि आपण एक आहों हें त्यांना ठाऊक नव्हतें. पुढल्या पिढ्यांनीं तें ऐक्य ग्रंथांतून, कथांतून आणि परवशतेच्या दुःखांतून घडविलें. ज्यांना तें आज ठाऊक आहे, त्यांना तें विसरावयास सांगितलें जात आहे. इतकें कष्टानें घडविलेलें ऐक्य एका घोषणेनें पुसलें जाईल कीं काय, हें ठरविणें आतां त्या तीन नांवांच्या एका देशांतील लोकांच्या हातीं आहे.