सुभेदारांनी गहाण टाकलेला दागिना

मिरिट मिरिट म्हणून आपल्या पोरांच्या कानीकपाळी ओरडणाऱ्यांनी १९०७ सालची एक मॅट्रिक बघावी. ७५० पैकी २८२ मार्क. पोराचं नाव भीमराव रामजी आंबेडकर.

त्या मार्कांमागं परळच्या चाळीतली एकच खोली आहे. रामजी सुभेदार जागत बसायचे, रात्री दोनला भीमाला अभ्यासाला उठवायचे, मग स्वतः आडवे व्हायचे. पुस्तक पाहिजे झालं की लग्न झालेल्या लेकीचं दार. तिचा दागिना सावकाराकडं गहाण, पेन्शन आली की सोडवणूक. कॉलेजात मात्र पेन्शन पुरेना. केळुस्कर गुरुजींनी सयाजीरावांपर्यंत नेलं, महिन्याला २५ रुपये सुरू झाले.

पण दोस्तांनो, ती राजाची मर्जी होती. बाबासाहेब १९४२ मध्ये व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळायला गेले आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वर्षाला तीन लाख सरकारकडून काढले. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. मर्जीचा पैसा सरकारी वहीत आला.

भोसरी-चाकणचे बाप जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर महाडीबीटीचा फॉर्म भरतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. मर्यादा कैक वर्षं अडीच लाखच राहिली. ओव्हरटाईम धरला की आकडा पुढं सरकतो. म्हणजे पोरीच्या फीसाठी जादा राबायचं, आणि राबला म्हणून शिष्यवृत्तीतून बाद!

माझ्या बहिणीची शिष्यवृत्ती मंजूर झाली, पैसा आला नाही. कॉलेज थांबेना. आईच्या कानातली फुलं गेली. सुभेदारांना पेन्शनचा दिवस तरी ठाऊक होता.